गाठ काढली का?

माझ्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या अगदी लगत, एक गाठ आहे. तिच्यावर उपचार झाले, ते व्यवस्थित झाले, आणि गाठ अजूनही जागच्या जागी आहे. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. "म्हणजे गाठ काढली नाही?" शाळेतल्या सहकाऱ्यांनी हे विचारलं, सासरच्या मंडळींनी विचारलं, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत तर जवळजवळ प्रत्येक मजल्यावरून विचारलं गेलं. जिन्यात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला आहे आणि ज्यांची झोप उडाली आहे, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. पहिली शंका वर्गातच आली. डावीकडच्या बाकांवरून कुणी "बाई" म्हणून हाक मारली की मी उजवीकडे बघायचे. आवाज ऐकू येत होता, पण तो कुठून आला हे कळेनासं झालं होतं. दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. आवाज एका कानाशी किती आधी आणि किती जोरात पोचला यावरून मेंदू ते ठरवतो, हे मला नंतर समजलं. फोन आपोआप उजव्या कानाला जाऊ लागला. डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज चालू असायचा, रात्री जास्त जाणवायचा. ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना कठडा धरल्याशिवाय पाऊल टाकवेना, तेव्हा मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी कान तपासला. पडदा स्वच्छ, मळ नाही. मग बंद खोलीत बसवून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला. उजवा कान वयाप्रमाणे, डावा वरच्या पट्टीच्या आवाजांना बराच खाली. खरं लक्षण पुढच्या चाचणीत दिसलं: डाव्या कानात साधे शब्द ऐकवले तर आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान सारखे कमी झाले असते तर मी वय म्हणून सोडून दिलं असतं. एकच कान असा घसरला तर कारण शोधल्याशिवाय थांबायचं नाही. त्यांनी गॅडोलिनियमचं (स्कॅनमध्ये गाठ उठून दिसावी म्हणून द्यायचं) इंजेक्शन देऊन करायचा एमआरआय लिहून दिला. त्या आग्रहाबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुने लोक याला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. आतल्या कानातून तोल सांभाळणारी नस मेंदूकडे जाते, तिच्यावरच्या आवरणात श्वान (Schwann) नावाच्या पेशी असतात, त्यांची ही वाढ. हा कॅन्सर नव्हे, शरीरात दुसरीकडे पसरत नाही. लाखातल्या एखाद-दोघांना वर्षभरात हे निदान होतं. पण जागा फार अडचणीची: त्याच अरुंद हाडाच्या नळीतून ऐकण्याची नस जाते, चेहरा हलवणारी नसही तिथूनच जाते, आणि नळीच्या तोंडाशी मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम. माझी गाठ तेव्हा १६ मिलिमीटरची होती.

न्यूरोसर्जननी पहिल्या भेटीत तीन रस्ते सांगितले: थांबून लक्ष ठेवणं, उघडून काढणं, आणि स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, म्हणजे न कापता गाठीवर नेमके किरण सोडणं. त्यांचं स्वतःचं काम उघडून काढण्याचं, तरीही तिन्ही रस्ते त्यांनी सारख्या शांतपणे समजावले. थांबण्याबद्दल त्यांनी नॉर्वेतल्या एका अभ्यासाचा दाखला दिला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. नवीन निदान झालेल्या, लहान-मध्यम गाठींच्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी दिली, निम्म्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या गाठी सरासरीने आधीपेक्षा लहान झाल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या घनफळाने दीडपट. पण ऐकण्यात आणि रोजच्या जगण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या चार वर्षांत उपचार लागलाच नाही. म्हणून आम्हीही थांबलो. वर्षभराने पुन्हा एमआरआय केला. गाठ १९ मिलिमीटर.

घरच्यांना वाटलं, तीनच मिलिमीटर. मला तसं वाटलं नाही. गोलाचं घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. १९ भागिले १६, त्याचा घन: १.६७. म्हणजे एका वर्षात गाठ दीडपटीच्याही पुढे गेली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, आता ठरवायला हवं.

घरात मत एकच होतं: काढून टाका. सासूबाई म्हणाल्या, "नको असलेली गोष्ट डोक्यात ठेवायची तरी कशाला गं?" साताऱ्याहून दादाचा फोन रोज यायचा, "एकदाचं कापून मोकळी हो, म्हणजे विषय संपला." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि एक अगदी साधा तर्क होता. तो तर्क माझ्याही मनात होता, नाही असं नाही. पण ऑपरेशन म्हणजे कानामागून कवटी उघडायची, कित्येक तास सूक्ष्मदर्शकाखाली काम, आणि गाठीवर पातळ पापुद्र्यासारखी पसरलेली चेहऱ्याची नस सोडवायची. अनुभवी हातात ती बहुतेकदा वाचते, तरी चेहऱ्याची एक बाजू कायमची किंवा काही काळ लुळी पडण्याचा धोका खरा आहे. डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो, बोलणं बदलतं. माझं सगळं काम चेहऱ्याने आणि आवाजाने चालतं.

रेडिओसर्जरीचं गणित वेगळं. तीन सेंटिमीटरच्या आतली, ब्रेनस्टेमला जोरात न दाबणारी गाठ असेल तर एकाच बैठकीत नेमका किरणोत्सार देतात. गाठ नाहीशी होत नाही. तिच्या पेशींमधल्या डीएनएची इतकी मोडतोड होते की त्यांना पुढे विभागता येत नाही, आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हळूहळू बंद होतात. शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांत गाठ वाढायची थांबते. आताच्या डोसला चेहऱ्याची नस बिघडण्याचं प्रमाण अगदी थोडं. ऐकण्याचं मात्र आश्वासन कुणी देत नाही: ज्यांचा कान उपचारावेळी कामाचा होता त्यांच्यातही पाच वर्षांनी साधारण निम्म्यांचाच कामाचा राहतो, आणि त्यानंतरही तो उतरत जातो. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं. माझा डावा कान तसाही अर्धा गेला होता. चेहरा राखायचा आणि वाढ थांबवायची, एवढंच मागायचं असं मी ठरवलं. नवऱ्याला उलट किरणांचीच जास्त भीती होती. त्याला मी डॉक्टरांसमोर बसवलं आणि त्याचे सगळे प्रश्न त्यालाच विचारू दिले. परतताना लोकलमध्ये तो तुर्भ्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "चालेल."

उपचार नवी मुंबईतल्या रुग्णालयात घ्यायचं ठरलं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल सोयीची. तिथे न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून माझे स्कॅन पाहिले. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. कुणीही हा उपचार घेणार असेल तर त्याने एवढं जरूर विचारावं, की माझी केस बोर्डासमोर गेली का. एकाच डॉक्टरने एकट्याने ठरवलेल्या गोष्टीपेक्षा मला ते फार मोलाचं वाटलं.

या काळात सल्ले पुष्कळ आले. कुणी म्हणे गॅमा नाइफच घ्या, कुणी सायबरनाइफ, कुणी खारघरच्या टाटाच्या केंद्रातल्या प्रोटॉन किरणोपचाराचं नाव घेई. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. मूळ कल्पना स्वीडनमधले न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांची, १९५१ सालची: एकटा किरण दुबळा असू दे, पण असे पुष्कळ किरण वेगवेगळ्या दिशांनी एकाच बिंदूवर आणा. वाटेतल्या मेंदूला प्रत्येक किरणातून थोडंसंच मिळतं, बिंदूवर मात्र सगळ्यांची बेरीज होते. गॅमा नाइफमध्ये हे किरण कोबाल्ट-६० च्या दोनशेच्या आसपास स्रोतांमधून येतात. नव्या यंत्रांत ते १९२ आहेत. लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे लिनॅकमध्ये एकच किरण असतो आणि यंत्र डोक्याभोवती फिरत फिरत तो सोडतं. सायबरनाइफमध्ये छोटा लिनॅक रोबोच्या हातावर बसवलेला असतो. प्रोटॉनची माझ्या गाठीला गरज नव्हती. माझ्यासारख्या गाठीला यापैकी कुठल्याही यंत्राने नीट उपचार होतो. ते चालवणारी माणसं हे काम नेहमी करतात का, हे बघा, असं ते म्हणाले. मला ते पटलं. आमच्याकडे लिनॅक होता.

विम्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पुष्कळ जण उगाच माघार घेतात. खर्च लाखांत जातो. विम्याच्या मध्यस्थ कंपनीकडून पहिलं उत्तर आलं की चोवीस तासांची भरती नाही, टाका नाही, मग ही शस्त्रक्रिया कशी? रुग्णालयाच्या बिलिंग विभागातल्या बाईंनी मला पॉलिसीचं ते पान उघडायला सांगितलं जे आपण कधी वाचत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली बारा आधुनिक उपचारांची यादी दिली. आरोग्य विम्यातून हे उपचार वगळता येत नाहीत, आणि त्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. फक्त कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. आमच्या पॉलिसीत ती मर्यादा होती, त्यामुळे काही भाग आम्ही भरला, पण मोठा भाग सुटला. पत्र लिहिताना त्या कलमाचा उल्लेख करा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, मंजुरी उपचाराच्या आधी लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

मग मास्कचा दिवस. लिनॅकसाठी डोक्याला स्क्रूने फ्रेम बसवावी लागली नाही. जाळीदार पांढऱ्या प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकतात, तो मऊ होतो, आणि तो ओलसर, ऊबदार असतानाच चेहऱ्यावर ओढून टेबलाला पक्का करतात. टेक्निशियनची बोटं नाकाच्या हाडावर, कपाळावर, हनुवटीखाली दाबत राहतात. काही मिनिटांत तो कडक होतो आणि किंचित आकसतो. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की केस धुऊन या, तेल नको, अंबाडा-वेणी नको, पिना नको, आणि उपचार होईपर्यंत केस कापू नका. कारण केसांच्या जाडीतही मास्कची जागा सरकते. मास्क लागल्यावर पापण्या उघडता येत नव्हत्या, तोंड हलत नव्हतं. श्वास नाकाने सहज घेता येतो, पण मनाला ते पटायला वेळ लागतो. मी पाढे म्हणत राहिले. एकोणतीसचा पाढा अशा वेळी फार उपयोगी पडतो, त्याला लक्ष द्यावं लागतं. त्याच मास्कमध्ये एक-एक मिलिमीटरच्या कापांचा सीटी स्कॅन झाला, आणि तेवढ्याच बारीक कापांचा एमआरआय वेगळा. ज्यांना बंद जागेची धास्ती वाटते त्यांनी हे आधीच सांगावं. चेहरा मोकळा ठेवणारे मास्कही असतात आणि गरज पडली तर सौम्य औषध देतात.

यानंतरचा भाग रुग्णाला सहसा दिसत नाही. मला तो बघायला मिळाला, कारण मी विचारलं. मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या डोसचा आराखडा मांडणारी तज्ज्ञ, म्हणून काम करणारी एक तरुण मुलगी होती. तिचं या विषयाचं शिक्षण खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला झालेलं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभ्यासक्रमातून. शाळा डोंबिवलीची, मराठी माध्यमाची. मी गणित शिकवते हे कळल्यावर 'मॅडम'ची 'बाई' झाली आणि तिने खुर्ची ओढून मला पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर माझं डोकं होतं, राखाडी. सीटी आणि एमआरआय एकमेकांवर तंतोतंत बसवलेले. सीटीवर अंतरं आणि हाडं अचूक, एमआरआयवर गाठ आणि नसा स्पष्ट. डॉक्टरांनी प्रत्येक कापावर गाठीची कड हाताने आखली होती. तिने दाखवलं: हा ब्रेनस्टेम, हा कॉक्लिया, आतल्या कानातला शंख. "बाई, याला सरासरी ४ ग्रेच्या खाली ठेवायचा माझा प्रयत्न आहे. गाठीला १२.५ ग्रे द्यायचे आहेत, आणि दोघांत अंतर आहे फक्त काही मिलिमीटर." एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीला एक ज्यूल ऊर्जा. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. साध्या किरणोपचारात मेंदूच्या काही गाठींना ५४ ग्रे देतात, पण तीस बैठकांत, थोडे थोडे. इथे सगळं एका बैठकीत जातं, म्हणून शेजारच्या भागाची इतकी काळजी. गाठीभोवती समान डोसच्या रंगीत रेषा होत्या, नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या, आणि कॉक्लियाच्या बाजूला त्या अगदी दाट झाल्या होत्या. म्हणजे तिथे उतार तीव्र. तिने त्या उतारासाठी किती आराखडे करून मोडले असतील कोण जाणे. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की भूमिती कामाला येते, पण ती माझ्या स्वतःच्या कानासाठी कुणी अशी रात्री बसून मांडेल हे कधी मनात आलं नव्हतं. तिथे मला भरून आलं. तिला ते कळलं असावं, तिने मुद्दाम पुढचा काप उघडला.

तिने आणखी एक सांगितलं. आराखडा पास झाला म्हणजे लगेच रुग्णाला देत नाहीत. तोच डोस आधी मोजमापाची साधनं बसवलेल्या एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला देऊन बघतात, आकडे जुळले तरच पुढे. आणि उपचाराच्या सकाळी धातूची एक छोटी गोळी ठेवून यंत्राचा नेम तपासतात. यंत्र कुठल्याही कोनात असलं तरी चूक एक मिलिमीटरच्या आत हवी. अशी यंत्रं चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, त्यांची माणसं तपासायला येतात. हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी झाली. रुग्णाला धीर धर म्हणून सांगण्यापेक्षा त्याला तपासणी कशी होते ते दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

उपचाराचा दिवस सगळ्यात साधा गेला. सकाळी हलका नाश्ता, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची गोळी, मंगळसूत्र आणि कानातलं नवऱ्याच्या खिशात. स्टिरॉइडने साखर वाढते, माझी सीमेवरच असते, म्हणून आधी आणि नंतर साखर तपासली. मी टेक्निशियनना एक गोष्ट आवर्जून सांगितली: डावीकडच्या स्पीकरवरून बोललात तर मला शब्द कळणार नाहीत. त्यांनी उजव्या बाजूने बोलायचं कबूल केलं आणि काही हवं असेल तर हात वर करायची खूण ठरवून दिली. मास्क चढला. जाड दार बंद झालं. आधी यंत्राने माझ्याभोवती फिरून एक सीटी घेतला, तो आराखड्याशी ताडून टेबल आपोआप किंचित सरकलं, किंचित वळलं. मग गुणगुण सुरू झाली, थांबली, टेबल दुसऱ्या कोनात फिरलं, पुन्हा गुणगुण. काही टोचलं नाही, चटका नाही. साधारण अर्ध्या तासाचं काम असेल. बाहेर आले तेव्हा कपाळावर आणि गालांवर जाळीचे ठसे उमटले होते, ते घरी पोचेपर्यंत गेले. थोडं डोकं दुखलं, रात्री एकदा मळमळलं. केस गेले नाहीत. हेही लोक विचारतात.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं की तुझ्या भाचीला दिवस गेलेत, ती तुमच्याकडे राहायला येणार होती, तर आता कसं? प्रश्न मनापासूनचा होता आणि बरोबर जागी विचारला होता. उत्तर असं की लिनॅकचे किरण बटण बंद झालं की बंद होतात. माझ्या अंगात काहीही उरत नाही, माझ्यापासून कुणाला किरण लागत नाहीत. लहान मूल असो, गरोदर बाई असो, एका खोलीत झोपायला हरकत नाही. काही वेगळ्या उपचारांत औषधच किरणोत्सारी असतं आणि तिथे अंतर राखावं लागतं, त्यावरून ही समजूत आली असावी. भाची आली आणि माझ्याच खोलीत राहिली.

आता कठीण भाग. तो उपचारानंतर येतो आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पहिले काही महिने मी नेहमीप्रमाणे शाळेत होते. मग तोल बिघडायला लागला. झटकन मान वळवली की फळा एक क्षण मागे राहून येतोय असं वाटायचं. डाव्या डोळ्याखाली कधी कधी बारीक फडफड व्हायची. सहा महिन्यांनी करायचा एमआरआय केला. गाठ २१ मिलिमीटर.

तो रिपोर्ट नवऱ्याने आधी वाचला. घरी कुणी जेवलं नाही. दादा फोनवर म्हणाला, "मी सांगत होतो." मी पुन्हा हिशोब केला, २१ भागिले १९, घन १.३५. पस्तीस टक्के वाढ. आकड्यांशी माझं बरं जमतं, पण त्या रात्री त्यांचाही आधार वाटला नाही.

डॉक्टरांनी मात्र आकड्याआधी चित्रं पाहिली. आधीच्या स्कॅनमध्ये गॅडोलिनियममुळे गाठ सगळीकडे सारखी पांढरी चमकत होती. आता तिच्या मधोमध काळसर भाग आला होता. ते म्हणाले, मधल्या पेशी मरत आहेत, गाठ सुजली आहे; ही वाढ नव्हे. रेडिओसर्जरीनंतर सहा ते अठरा महिन्यांच्या काळात कितीतरी जणांत अशी सूज येते आणि पुढे ओसरते. पहिली दोन वर्षं नुसत्या मापावरून उपचार फसला असं म्हणायचं नाही, आणि या सुजेच्या काळात घाईने ऑपरेशन तर करायचंच नाही, जोवर ब्रेनस्टेमवर दाब किंवा तसं काही गंभीर होत नाही. कशाने लगेच यायचं तेही सांगितलं: वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गिळताना त्रास, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, नजरेत फरक. स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला.

हे सगळं त्यांनी उपचाराआधीही सांगितलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलं सापडलं. पण आधी ऐकलेली सूज आणि आपल्या रिपोर्टवर छापलेला आकडा यांत फार अंतर असतं. माझी सगळ्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, की सहा महिन्यांच्या एमआरआयची तारीख देतानाच घरच्यांना बोलावून सांगा, आकडा वाढलेला दिसू शकतो. एकट्या रुग्णाला सांगून भागत नाही. रिपोर्ट घरी सगळे वाचतात, आणि धीर सुटतो तो सगळ्यांचा एकदम.

तोलासाठी फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले. अंगठ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायची, आधी हळू, मग वेगाने. फोमच्या गादीवर डोळे मिटून उभं राहायचं, शेजारी भिंत. चालताना मान वळवून दुकानांच्या पाट्या वाचायच्या. सुरुवातीला याने चक्कर वाढते आणि सोडून द्यावंसं वाटतं. पण एका बाजूची तोलाची नस कमी पडते तेव्हा मेंदूला डोळ्यांवर आणि दुसऱ्या कानावर नव्याने भिस्त ठेवायला शिकावं लागतं, आणि तो हलल्याशिवाय शिकत नाही. मी सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारायचे, मुलगी बरोबर असायची, डावीकडून, कारण तिकडून येणारी रिक्षा मला कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हात सोडून चालता आलं.

त्यापुढच्या एमआरआयमध्ये १९. त्यानंतरच्यात १८, म्हणजे उपचारावेळच्या घनफळाच्या पंच्याऐंशी टक्के. डोळ्याखालची फडफड गेली. ऐकणं मात्र उतरलं आहे. डाव्या कानाने आता फोनवर बोलता येत नाही, आणि शिट्टी आहे तशी आहे, फक्त तिच्याकडे लक्ष जाणं कमी झालंय. मुख्याध्यापकांनी समजून घेतलं आणि माझ्या वर्गांत टेबल डावीकडच्या भिंतीशी हलवलं, त्यामुळे सगळी मुलं माझ्या उजव्या कानाकडे आली. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानात पोचवणारं श्रवणयंत्र मिळतं, त्याची चाचणी घेऊन बघणार आहे.

सासूबाईंनी परवा पुन्हा विचारलं, "ती आहेच ना अजून आत?" मी त्यांना १८ आणि १९ चे घन करून दाखवले नाहीत. आहे, म्हटलं, पण वाढत नाही, आणि माझा चेहरा सरळ आहे, बघा. त्यांनी हनुवटी धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि पोळ्या लाटायला गेल्या.

यापुढे वर्षातून एकदा एमआरआय, काही वर्षांनी अंतर वाढवतील. एक सवय मी लावून घेतली आहे, ती सांगते. रिपोर्टमध्ये गाठीची तुलना बहुधा मागच्याच स्कॅनशी केलेली असते. दर वर्षी अर्धा-एक मिलिमीटर वाढत गेलं तर प्रत्येक रिपोर्टवर "विशेष फरक नाही" असं येईल आणि पाच वर्षांत बराच फरक पडलेला असेल. म्हणून मी पहिल्यापासूनच्या सगळ्या सीडी जपून ठेवल्या आहेत, शक्यतो त्याच केंद्रात स्कॅन करते, आणि रेडिओलॉजिस्टना चिठ्ठी देते: कृपया तिन्ही दिशांची मापं लिहावीत आणि तुलना उपचाराच्या दिवशीच्या स्कॅनशीही करावी. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.